जादू न येणाऱ्या योद्ध्याने अचाट काही केलं, तर त्याचं कारण द्यावं लागतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुमच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या गेममध्ये (टेबलाभोवती बसून, फासे टाकून गोष्ट खेळायचा खेळ) एकाचा फायटर, म्हणजे योद्धा, आहे. त्याला जादू येत नाही, पण लोखंडी दार खांद्याने पाडायचं असतं, या गच्चीवरून त्या गच्चीवर झेप घ्यायची असते. डीएम (गोष्ट सांगून खेळ चालवणारा) म्हणून तुम्ही त्याला ‘हे तुला कसं जमतं’ असं विचारावं का?

विचारू नका. मी विचारलं होतं आणि त्याची रुखरुख अजून गेलेली नाही.

आम्ही रविवारी खेळायला बसतो. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, अकराव्या लेव्हलला होती; लेव्हल चढते तशी पात्रांची ताकद वाढते. समोर दरी, पूल तुटलेला, अंतर तीस फूट. विझर्डने, म्हणजे जादूगाराने, स्वतःवर फ्लाय हा उडण्याचा मंत्र टाकला आणि पलीकडे गेला. त्याला मी चकार शब्द विचारला नाही. मग फायटर खेळणारी मुलगी म्हणाली, “मी धावत येऊन उडी मारते.” मी लगेच 2014 चं प्लेअर्स हँडबुक, म्हणजे पाचव्या आवृत्तीचं नियमांचं पुस्तक, उघडलं. धावत येऊन लांब उडी म्हणजे जेवढी स्ट्रेंग्थ, म्हणजे पात्राच्या ताकदीचा आकडा, तेवढे फूट. तिची स्ट्रेंग्थ 20, म्हणजे सहसा जास्तीत जास्त असते तेवढी. वीस फूट. मी म्हटलं, “नाही पोचत. जादूशिवाय माणूस एवढी उडी कशी मारेल?”

ती म्हणाली, “दादा, वीस फूट म्हणजे सहा मीटर. मी कॉलेजच्या मैदानावर पाच मारते.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अंजू बॉबी जॉर्जने 2003 साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत 6.70 मीटर उडी मारून ब्राँझ मिळवलं. माइक पॉवेलचा लांब उडीचा जागतिक विक्रम 8.95 मीटरचा, तोही 1991 सालचा. तो म्हणजे जवळजवळ साडेएकोणतीस फूट. आणि आमच्या गोष्टीतली, राक्षसांशी झुंजणारी, राज्यातली सगळ्यात बलवान बाई सहा मीटरला थांबणार! वजनाचंही तेच. 20 स्ट्रेंग्थवाल्याला नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 600 पौंड, म्हणजे 272 किलो उचलता येतात. एडी हॉलने 2016 साली 500 किलोची डेडलिफ्ट मारली.

पुढे जे झालं ते मी विसरणार नाही. ती म्हणाली, “बरं, मग मी दरीत उडी मारते.” दरी दोनशे फूट खोल. पडण्याचा नियम असा, की दर दहा फुटांना एक सहा बाजूंचा फासा आणि जास्तीत जास्त वीस फासे. टेबलावर नऊच होते, तेच पुन्हा पुन्हा टाकले. बेरीज, म्हणजे लागलेला मार, आली 68. तिचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा, 103. ती खाली आपटली, उठली, समोरचा कडा चढली आणि विझर्डच्या शेजारी येऊन उभी राहिली. सगळं नियमाप्रमाणे. आणि वीस मजल्यांवरून पडून माणूस उठतो कसा, हे कोणालाही विचारावंसं वाटलं नाही. मलाही नाही.

घरी आल्यावर लक्षात आलं की हा गेम फायटरला अमानवी कधीच करून बसलाय. मार खाण्यात तो अमानवी आहे, आणि ते आपल्याला चालतं. तो स्वतःहून काही करायला निघाला की मात्र आपण फिजिक्सचे सर होतो. विझर्डला आपण मोजत नाही, कारण त्याला मोजायला आपल्याकडे माप नाही. फायटरला आपण आपल्याच गुडघ्यांनी मोजतो.

गेम बनवणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिसऱ्या आवृत्तीत ‘एक्स्ट्राऑर्डिनरी’ क्षमतांची व्याख्याच अशी होती: या जादूच्या नाहीत, तरी भौतिकशास्त्राचे नियम मोडू शकतात. पाचव्या आवृत्तीच्या अधिकृत खुलाशातही म्हटलंय, की ड्रॅगनचा फूत्कार म्हणजे स्पेल (मंत्र) नव्हे, तो त्या जगाच्या घडणीतच आहे. एवढं अवाढव्य धूड पंखांवर तरंगतं हे ज्या जगात चालतं, तिथल्या माणसाची हाडं आपल्यासारखीच का असावीत?

एक खरी अडचण मात्र आहे. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत योद्ध्यांना भन्नाट डाव मिळाले, त्यातले काही दिवसातून एकदाच वापरता येणारे. कितीतरी खेळाडू बिथरले. मला वाटतं, डाव अचाट आहे याचा राग कमी होता. तलवारीचा एक हात सकाळी जमला तर दुपारी का जमू नये, हे पटत नव्हतं. ताकदीचं कारण लोक सोडून देतात, मर्यादेचं मागतात. म्हणून तुमच्या फायटरला ‘कसं’ विचारण्याऐवजी दमसास मोजा. दार पाडलं, तर खांदा संध्याकाळपर्यंत दुखू दे.

आणि एवढं करा, की जगाला ते दिसू द्या. हिरकणीची आख्यायिका आपण चौथीत ऐकतो. दूध घालायला रायगडावर आलेली बाई, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली. ती कशी उतरली याचा खुलासा गोष्टीत नाही, आणि वर्गातल्या कुठल्या पोराला त्याची गरजही वाटत नाही. पण महाराज त्या जागी बुरूज बांधतात. मला त्या गोष्टीत सगळ्यात खरी वाटते ती ही गोष्ट. जिथून एक बाई उतरू शकते तिथून शत्रू चढू शकतो, एवढं ओळखणारा राजा त्यात आहे.

तुमच्या जगात कोणी तीस फूट उडी मारत असेल, तर तिथल्या खंदकाची रुंदी किती असते ते ठरवा. गोष्ट हास्यास्पद होते ती हे न ठरवल्यामुळे. चिखल-रक्ताचा, साध्या माणसांचा गेम हवा असेल तर तोही छान असतो, फक्त ते पहिल्या दिवशी सांगा आणि विझर्डलाही तीच वेसण घाला. काही टेबलं, म्हणजे खेळणारे गट, यासाठी सहाव्या लेव्हललाच थांबतात. मधेच, एकट्या फायटरला सांगू नका.

आणखी एक. त्याच हँडबुकात ॲथलेटिक्सच्या चेकचं (फासा टाकून कसरत जमते का ते पाहण्याचं) उदाहरण म्हणून ‘नेहमीपेक्षा लांब उडी’ चक्क लिहिलेली आहे. त्या रविवारी मी ते पान उलटलंच नाही.

पुढच्या रविवारी मी तिची माफी मागितली. तीन सेशननंतर पार्टी त्याच दरीवरून परतली. पूल नवा होता, आणि काठावर एक दगडी चौकी उभी होती. पहारेकऱ्याने सांगितलं, “इथून एक बाई खाली पडली आणि पलीकडून चालत वर आली. तेव्हापासून सरदारांचा हुकूम आहे, खालच्या बाजूलाही नजर ठेवायची.” तिने चौकीचं नाव विचारलं. मी तिच्या फायटरचं नाव सांगितलं.