पुस्तक मिटल्यावर विचारावेसे वाटलेले प्रश्न

कोणत्या कादंबऱ्या मनात कायमच्या राहिल्या आणि कोणत्या कादंबरीने दृष्टी बदलली, असे आपण विचारले आहे. माझी कसोटी एकच आहे: पुस्तक मिटल्यावर आपण आपल्याच ओळखीच्या माणसाला आजवर न विचारलेले काही विचारायला गेलो का? भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने भाषा किती मोकळी असू शकते हे मला दाखवले, तरी या कसोटीवर मी ती इथे धरत नाही.

ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ मात्र धरतो. बालविधवा यमूची कहाणी तिच्याच तोंडून ऐकल्यावर, पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरातील फोटोत आलवण, म्हणजे विधवांचे लाल लुगडे, नेसून कडेला बसलेल्या आणि ज्यांना सगळे नुसते ‘आत्या’ म्हणत त्या बाईंचे नाव मी प्रथमच वडिलांना विचारले.

सर्वांत खोल परिणाम झाला तो विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’चा. या कादंबरीला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. धरणासाठी गाव उठते आणि पुनर्वसनाच्या नावाखाली माणसे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहतात, एवढे कथानक सांगता येईल; पण धरणग्रस्तांसाठी झटणारे खैरमोडे गुरुजी पानागणिक खचत जाताना पाहणे, हे सांगून कळणारे नाही, ते वाचायलाच हवे. नाशिकमध्ये आमच्या नळाला गंगापूर धरणाचे पाणी येते, आणि पावसाळ्यात विसर्ग वाढला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आले, हे पाहायला आम्ही लहानपणापासून गोदाकाठी गर्दी करत आलो आहोत. त्या पाण्याखाली कोणाची तरी शेते असतील, हा विचार मला चाळिशी ओलांडेपर्यंत शिवला नव्हता.

माझ्या एका सहकाऱ्याची इगतपुरीकडची जमीन धरणात गेली होती. त्याने हे मला पूर्वी डबा खाताना सांगितले होते आणि मी ते ऐकून विसरलो होतो. कादंबरी संपल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीतून घड्यांवर फाटलेला सातबारा काढला. पण त्याकडे न पाहताच ते बोटांवर मोजत सांगू लागले: आंब्याचे खाचर, ओहोळाकडचे खाचर, देवळामागचे खाचर.