बांधातले खेकडे: बिळात विष ओतू नका

प्रश्न (अंबड आणि वसमत तालुक्यांतून): शेततळ्याच्या आणि पाटाच्या बांधाला खेकड्यांनी बिळे पाडली आहेत, पाणी झिरपतंय. दुकानदार म्हणतो, बिळात दाणेदार औषध टाका. किती टाकावं?

उत्तर: चिमूटभरही नाही. फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर तर २०२० अखेरपासून देशात बंदी आहे. कुणी जुना साठा देत असेल तर घेऊ नका. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके तळ्यातले मासेही मारतात. त्याच पाण्यावर जनावरे येतात. आणि पहिल्या पावसात पोरं बॅटरी घेऊन खेकडे धरतात, त्याच रात्री घरोघरी कालवण होतं. तुमच्या बिळातला अर्धमेला खेकडा कुणाच्या ताटात जाईल, याचा विचार दुकानदार करत नाही. लेबलावर बांधातल्या बिळांसाठी शिफारस कुठे आहे, ती त्याला दाखवायला सांगा. एका मापाने मेला नाही म्हणून दुप्पट टाकणारेही भेटतात. तसं करू नका.

आता वेळेचं. खेकडा ओलीच्या मागे जातो. पावसाळ्यानंतर पाणी ओसरतं तशी बिळे बांधावर खाली खाली सरकतात. उन्हाळ्यात तो खोल ओलीत बसतो, बिळाचं तोंड चिखलाने लिंपून घेतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये बांध उकरून काही हाती लागत नाही, उलट बांधच खिळखिळा होतो. तो बाहेर पडतो जूनच्या पहिल्या मोठ्या पावसांनंतर, तेही रात्री. त्याच रात्री धरा. मादी अंडी पोटाखालीच सांभाळते आणि तयार पिल्ले सोडते, त्यामुळे या दिवसांत धरलेली एक मादी म्हणजे पुढची कित्येक बिळे वाचली. फक्त बांधावरचे धरा. नाल्यातले खेकडे कुणाचं नुकसान करत नाहीत.

खेकडे काढल्यावर तळं भरायच्या आत बिळे बुजवा. पाण्याच्या बाजूने, ओलसर काळी माती थोडी थोडी घालत, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकून. वरून मुरूम द्या, नाहीतर काळी माती वाळली की भेगाळते. कोरडी ढेकळे कोंबणं म्हणजे काम केल्याचं समाधान, बाकी काही नाही.

बाहेरच्या बाजूने पाणी निघत असेल तर त्याचा रंग बघा. स्वच्छ असेल तर रोज लक्ष ठेवा. गढूळ असेल तर आतली माती वाहून चालली आहे. मोटार लावून लगेच पातळी उतरवा. बाहेरचं तोंड बुजवू नका, पाणी आत दुसरी वाट काढतं. तिथे आधी वाळू, वर खडी टाकून वजन द्या, म्हणजे पाणी निघेल पण माती अडेल.

आणि बांधावर वाळा (खस गवत) लावा. हे मी प्रत्येक गावात सांगतो, कारण मुळं खोल जातात, माती धरतात आणि बांध पावसात वाहत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला ठोंबं दहा-पंधरा सेंटीमीटर अंतराने, बांधाच्या उताराला आडव्या ओळीत लावा. पहिलं वर्ष शेळ्यांपासून जपा.

अस्तरीकरणाच्या, म्हणजे शेततळ्यात प्लास्टिक अंथरण्याच्या, अनुदानासाठी अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा. सध्याचे निकष गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) समजून घ्या. कागद आधी करा, प्लास्टिक नंतर घ्या. आधी घेतलेल्या बिलावर अनुदान मिळेल, असं दुकानदार सांगत असेल तर त्यावरही विसंबू नका.