‘पाणीवर’ का होते?

प्रश्न : चौथी-पाचवीच्या मुलांना कविता लिहायला शिकवताना शब्दांच्या पाट्या ओढून ओळ जुळवायचे ऑनलाइन साधन वापरते. मुले रमतात, पण ओळी मराठी वाटत नाहीत. आठ अक्षरांची ओळ मागितली तर काउंटर भलताच आकडा दाखवतो. काय चुकतेय? – एक शिक्षिका

उत्तर : मुलांचे काहीच नाही. अशी बरीच साधने इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली असतात. मराठीत प्रत्यय लागला की शब्दाचे रूप बदलते. ‘पाणी’ आणि ‘वर’ या पाट्या जोडल्या की ‘पाणीवर’च होणार. म्हणून पाट्या स्वतः करा. साधी स्लाइड पुरते. दहा नामे घ्या आणि प्रत्येकाची दोन रूपे ठेवा : पाणी-पाण्यावर, फूल-फुलात. सहा क्रियापदे, चार विशेषणे आणि तीन कोऱ्या पाट्या. कोऱ्या हव्यातच, मुलाचा स्वतःचा शब्द तिथेच उतरतो. ओळींची चौकट स्लाइडच्या पार्श्वभूमीत घाला, नाहीतर शब्द ओढताना चौकटच सरकते. प्रत्येक जोडीला वेगळी प्रत द्या; एकाच प्रतीत सगळे शिरले की पाट्यांची पळवापळवी सुरू होते.

काउंटरचे म्हणाल, तर अनेक काउंटर काना, वेलांटी आणि जोडाक्षरातले हलन्त चिन्हही वेगळे मोजतात. ‘स्वप्नात आली चिमणी’ ही ओळ घ्या : स्व-प्ना-त-आ-ली-चि-म-णी, अक्षरे ८. असा काउंटर मोकळ्या जागा धरून १८ दाखवील. जोडाक्षर एकच धरायचे, हे मुलांना टाळी वाजवत मोजताना चटकन कळते. मोजणी हातानेच करा.

आद्याक्षरांची कविता (ओळींच्या पहिल्या अक्षरांतून एक शब्द तयार होतो ती) देणार असाल तर शब्द पारखून घ्या. ‘पाऊस’ सुरेख चालतो. ‘आभाळ’ शेवटच्या ओळीला अडतो, कारण ‘ळ’ने मराठी शब्द सुरू होत नाही. ‘ण’चीही तीच गत.

प्रश्न : यमक शोधून देणारे साधन वापरू द्यावे का? – एक पालक

उत्तर : द्यावे, पण पहिला खर्डा झाल्यावर. आधीच उघडले की ‘पाऊस’ला ‘हाऊस’ मिळते आणि कविता पावसातून उठून थेट घरात जाते. यादीतले शब्द फार तर पाच घ्यायचे, प्रत्येक ओळीत घालून मोठ्याने वाचायचे, अर्थ वाकला की शब्द सोडायचा. एकही बसला नाही तर यमकाविना ओळ राहू द्या. बोलून टंकलेखन मात्र टाळा. त्यात ओळ कुठे तोडायची हे यंत्र ठरवते, आणि मुलाने शिकायचे आहे ते नेमके तेच.