चौथ्या महिन्यात चव नसते

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू म्हणालास, "एमडी (मेफेड्रोनची नशा) सोडून चार महिने झाले, पण कशातच काही वाटत नाही. आईच्या हातची पुरणपोळीसुद्धा पुठ्ठा चावल्यासारखी लागते." मग हळूच विचारलंस, "मी कायमचा बिघडलोय का?" नाही रे. पण फोनवर ते नीट सांगता आलं नाही.

मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे. तिथे एक पेशी डोपामिन, म्हणजे सुखाची ओढ जागवणारं रसायन, सोडते, शेजारची पेशी ते रिसेप्टरवर झेलते आणि उरलेलं पहिली पेशी ट्रान्सपोर्टरच्या वाटेने परत आत घेते. कोकेन ही परतीची वाट अडवतं. मेथ (मेथॅम्फेटामिन) किंवा एमडी त्याच वाटेने डोपामिन उलटं बाहेर लोटतात. पूर वारंवार येऊ लागला की मेंदू दारं मिटायला लागतो, झेलणारे डी-२ रिसेप्टर कमी करतो. नशा थांबते तेव्हा पूर ओसरतो, पण दारं लगेच उघडत नाहीत. पुरणपोळीचा, मित्राच्या हसण्याचा बारीकसा ओघ मग आत पोचतच नाही. तू कृतघ्न झालेला नाहीस.

अमेरिकेत मेंदू-संशोधक नोरा व्होल्कोव आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मेथ घेणाऱ्यांचे पेट स्कॅन, म्हणजे मेंदूचं काम दाखवणारी चित्रं, प्रसिद्ध केले. डी-२ कमी होतेच, शिवाय जिथे ते कमी तिथे मेंदूचा डोळ्यांच्या वरचा, बरंवाईट तोलणारा भागही मंद होता. "एकदाच घेतो" हा विचार इतका जड का होतो, ते यावरून कळावं.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक अभ्यास छापला; त्यात पाच जणांना नशा सोडून 12 ते 17 महिने झाल्यावर पुन्हा तपासलं होतं. ट्रान्सपोर्टर स्ट्रायटमच्या एका भागात 19 टक्के, दुसऱ्यात 16 टक्के वाढले होते. पाचच माणसं, आणि मेथची. एमडी त्याचं भावंड असलं तरी हे आकडे मी तुझ्यावर चिकटवणार नाही. स्मरणशक्तीच्या आणि हालचालींच्या चाचण्या तेवढ्या सुधारल्या नव्हत्या, हेही तुझ्यापासून लपवत नाही. पण बघ, ते वर्ष उलटल्यावरचे आकडे आहेत. तू चौथ्या महिन्यात निकाल मागतोयस.

झोप सांभाळ. जगणं नकोसं वाटलं तर रात्री दोन वाजताही मला फोन कर, आणि डॉक्टरांनाही सांग. मी उचलला नाही तर 14446 ही नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन लाव.

शनिवारी सकाळी ये, पर्वती चढू. मजा येईलच असं नाही, तरी ये.

तुझा,
काका