विचारा तर खरं : पाइप क्लॅम्पला पाइप कुठला?

प्रश्न : टेबलाच्या फळ्या जोडण्यासाठी पाइप क्लॅम्पचे (पाइपवर बसवून फळ्या आवळायच्या जबड्यांचे) चार संच घेतले. जबड्यांवर ३/४ असं कोरलंय, म्हणून पाऊण इंचाचा, म्हणजे १९ मिलिमीटरचा चकचकीत स्टीलचा पाइप आणला. तो जबड्यात चक्क खुळखुळतो, आणि त्याला आटेही नाहीत. डाय सेट (आटे पाडायचं हत्यार) घेऊन घरीच आटे पाडावेत का?

उत्तर : डाय सेटचा विचार तूर्त सोडा. आणलेला पाइप कपडे टांगायला उत्तम आहे, तिथे लावून टाका.

तुमचं मोजमाप बरोबर आहे, फक्त पाइपवाल्यांचा हिशेब वेगळा असतो. ते 'पाऊण इंची' म्हणतात तो पाइप बाहेरून जवळजवळ २७ मिलिमीटर भरतो, आणि 'अर्धा इंची' साधारण २१. हे नाव आतल्या पोकळीवरून पडलेलं आहे आणि तिथेही ते नेमकं जुळत नाही, त्यामुळे टेप घेऊन दुकानात जाण्यात अर्थ नाही. क्लॅम्पचा स्क्रूवाला जबडाच सोबत न्या, पाइपच्या आट्यांवर फिरवून पाहा, मग पैसे द्या. मागचा सरकता जबडाही पाइपवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून बघा. पाइपच्या लांबीभर वेल्डची शिवण असते. ती बाहेरून सपाट नसेल, किंवा जस्ताचे थेंब गोठून राहिले असतील, तर जबडा तिथे अडकतो. एखादा थेंब कानशीने निघतो. शिवणच उंच असेल तर दुसरा पाइप मागा.

पाइप पाण्याचा घ्या, जीआय (जस्ताचा थर दिलेला) किंवा काळा (बिनजस्ताचा), पण मीडियम किंवा हेवी. पाऊण इंचीत मीडियमची भिंत २.६ मिलिमीटर असते आणि हेवीची ३.२. वायरिंगचा पातळ पाइप स्वस्त आणि हलका म्हणून मोह होतो, पण या मापाचे आटे सव्वा मिलिमीटरच्या आसपास खोल जातात. दीड मिलिमीटरच्या भिंतीत आटे पाडल्यावर उरतं काय? पहिल्याच जोरकस आवळणीला टोक तुटून हातात येईल.

आता आटे. जगात पाइपच्या आट्यांच्या दोन जाती चालतात, ब्रिटिश पद्धतीची बीएसपी आणि अमेरिकन पद्धतीची एनपीटी. पहिलीच्या आट्यांचा कोन ५५ अंश, दुसरीचा ६०. क्लॅम्प एका जातीचा आणि पाइप दुसऱ्या जातीचा निघाला तरी घाबरू नका. अर्ध्या आणि पाऊण इंचाला दोन्हींत इंचाला १४ च आटे असतात, त्यामुळे जबडा काही फेरे नीट चढतो. पाण्यासाठी अशी जोडणी मी कुणाला करू देणार नाही, पण इथे गळायला आहे काय! (एक इंची पाइपला मात्र हे जमत नाही. तिथे एकीत ११ आणि दुसरीत साडेअकरा आटे असतात.) प्लंबर सवयीने टेफ्लॉन टेप गुंडाळायला लागेल, त्याला थांबवा. हाच जबडा उद्या दुसऱ्या लांबीच्या पाइपवर चढवायचा असतो.

पाइप बऱ्याचदा ६ मीटर लांबीचा आणि दोन्ही टोकांना आटे पाडलेला येतो. दीड-दीड मीटरचे चार तुकडे केलेत तर दोन तुकड्यांना आयते आटे मिळतात आणि राहतात फक्त मधले दोन. जिथे पाइप कापून देतात तिथे बहुधा आटे पाडायचं यंत्रही असतं, ते काम तिथेच उरकून घ्या. माझा आग्रह असा, की सगळ्याच तुकड्यांना दोन्ही टोकांना आटे पाडून घ्यावेत. मागच्या टोकाला कॅप बसवली की सरकता जबडा निसटून पायावर पडत नाही, आणि कधी लांब क्लॅम्प लागला तर दोन तुकडे सॉकेटने जोडता येतात. फक्त सॉकेटवरून जबडा सरकत नाही, एवढं धरून तुकडे निवडा.

तरीही हात शिवशिवत असतील तर रॅचेट डाय कुणाकडून तरी उसना आणा. पाइप पकडायला पाइप व्हाइसच हवा. साध्या व्हाइसच्या सपाट जबड्यात गोल पाइप एकतर फिरतो, नाहीतर चेपतो. टोक काटकोनात कापा, बाहेरची कड कानशीने उतरती करा. सुरुवातीला डाय तळहाताने दाबत फिरवावा लागतो. एकदा त्याने धातू पकडला की स्वतःच पुढे ओढला जातो. तेल हात आखडता न घेता सोडा. करकर आवाज आला किंवा हाताला जड लागलं, तर थोडं उलटं फिरवून कीस तोडा आणि पुन्हा तेल घाला. कोरडा डाय आटे कापत नाही, फाडतो. पाइपचं टोक डायच्या पलीकडच्या तोंडाशी आलं की थांबा. कीस ब्रशने झाडा, बोटाने नको.

प्रश्न : क्लॅम्प आवळले की जोडलेल्या फळ्या मधोमध फुगतात. पाइप बदलू का?

उत्तर : अर्धा इंची असेल तर बदलाच. पाऊण इंची पाइप वाकायला सुमारे दुप्पट ताठ असतो. पण मुख्य कारण वेगळं आहे. दाब देणारा स्क्रू पाइपच्या रेषेत नसून एका बाजूला असतो, म्हणून पाइप धनुष्यासारखा वाकतो आणि फळ्यांनाही वाकवतो. एक क्लॅम्प फळ्यांच्या खालून, पुढचा वरून, असे आलटून पालटून लावा. ग्लूचे बारीक थेंब सांध्यातून बाहेर आले की आवळणं पुरे.

प्रश्न : काळ्या पाइपखाली लाकडावर निळसर-काळे पट्टे उमटले. घासून जात नाहीत.

उत्तर : ओल्या ग्लूमुळे लोखंड आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आलं, त्याचा हा रंग. ऑक्झॅलिक अॅसिडचं पाण्यातलं द्रावण लावा, डाग फिकट झाला की पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्या. ते विषारी आहे, हातमोजे घाला, आणि वाळल्यावर घासाल तर तोंडाला मास्क हवा. पुढच्या वेळी पाइप आणि लाकूड यांच्यात मेणकागदाची पट्टी ठेवा. नव्या काळ्या पाइपवर तेलाचा थर असतो, तोही आधी थिनरने पुसा; तेल लागलेल्या जागी पॉलिश धरत नाही.