आधी त्या पावत्यांचं बोल

सावद्याहून एका बीबीए सेकंड इयरच्या मुलाचं पत्र आलंय. पुढे फायनान्स घेऊ की मार्केटिंग? फायनान्स बोअर होतं, पण पुण्याचा आतेभाऊ म्हणतो पैसा तिथेच आहे. मार्केटिंग आवडतं, कारण "माझं बोलणं चांगलंय ताई". दोन पानं हेच दळण. आणि मधेच कंसात एक ओळ, की सुट्टीत टाइमपास म्हणून बाबांच्या केळीच्या तीन वर्षांच्या पावत्या काढल्या, बोर्डाचा म्हणजे केळीचा रोज जाहीर होणारा भाव आणि व्यापाऱ्याकडून हातात पडलेला भाव जुळवून पाहिला, फरक निघाला.

अरे भो, टाइमपास?

मे महिन्यात, सावद्याच्या त्या उन्हात, बाकीची पोरं कूलरसमोर मोबाईल घेऊन लोळत होती आणि तू पिशवीतल्या चुरगळलेल्या पावत्या तारखेनं लावत बसलास, कुणी सांगितलं नव्हतं, मार्क मिळणार नव्हते, आणि वर मला लिहितोस इंटरेस्ट नाही! तुला कंटाळा सरांच्या नोट्सचा आलाय. वर्किंग कॅपिटलची व्याख्या पाठ करून कुणालाही झोप येईल. घरात बघ ना, मृगबाग लावली जून-जुलैत, रोपं, ड्रिप, खतं, मजुरी सगळं आधीच गेलं आणि घड कापायला अकरा-बारा महिने, तोवर घर कशावर चाललं, सोसायटीचं कर्ज किती, आईच्या पाटल्या कुठे आहेत? हेच ते वर्किंग कॅपिटल.

बोलणं चांगलंय म्हणून मार्केटिंग, हे कारण मला पटलेलं नाही. बीबीएनंतर त्या नावाने येणारे जॉब बरेचदा सेल्सचे असतात, महिन्याचं टार्गेट आणि गाडीला किक. आतेभावालाही फार मनावर घेऊ नको, फायनान्सची डिग्री घेऊन थकलेल्या हप्त्यांसाठी फोन करत बसलेली पोरंही आहेतच की.

तू फायनान्स घे. पगारासाठी नाही, त्या पिशवीसाठी घे. आणि कॉलेज सुरू व्हायच्या आत सगळ्या पावत्या एक्सेलमध्ये टाक: तारीख, वजन, बोर्डाचा भाव, मिळालेला भाव, घडाच्या दांड्याचं म्हणून किती वजन कापलं. मग बाबांसमोर ठेव. "फरक निघाला" म्हणून तू फुलस्टॉप देऊन मोकळा झालास, म्हणजे घरात अजून सांगितलेलं नाहीस, हो ना? व्यापारी ओळखीचा, बाबा चिडतील, म्हणून गप्प बसलास. नको बसू, पुढची कापणी व्हायच्या आधी बोल.

आणि क्विंटलमागे किती निघाला ते लिहिलंच नाहीस की रे. कळव.