घरच्या घरी मोटारसायकलची निगा : सुरुवात साखळीपासून

जुनी गाडी अंगणात उभी करून तिला स्वतः हात लावायचे तुम्ही ठरवलेत, याचा मनापासून आनंद झाला. इंजिन उघडण्याचा मोह मात्र तूर्त आवरा आणि साखळीपासून सुरुवात करा, कारण इंदूरच्या उन्हाळी धुळीत सर्वांत आधी तीच खराब होते. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, इंजिन बंदच ठेवावे (फिरत्या साखळीवर फडके धरल्यास बोटे आत ओढली जातात), रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने मळ काढावा आणि साखळी कोरडी पुसून तिच्या आतल्या बाजूने ९० नंबरचे गिअर ऑईल थेंबथेंब सोडावे. मग खालच्या बाजूच्या मध्यावर ती बोटाने वर-खाली हलवून पाहावी. बऱ्याच लहान गाड्यांत हा ढिलेपणा २५ ते ३५ मिलीमीटर असतो, तरी माहितीपुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा.

नवशिक्यांच्या चुका बहुधा याच असतात :

- साखळी फार ताणणे; त्याने बेअरिंग जाते.
- ऑईलचा ड्रेन बोल्ट (इंजिनखालचा, जुने ऑईल काढून टाकण्याचा) जोर लावून आवळणे. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की दुरुस्ती महागात पडते.
- पान्याऐवजी पक्कड वापरणे.

इंदूरच्या सियागंज बाजारातून रिंग पान्यांचा एक चांगला संच घ्या, बाकीची अवजारे गरज पडेल तशी घेता येतील. कार्ब्युरेटरकडे (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागाकडे) आपण पावसाळ्यानंतर वळू.